सावलीची सनद कोण देणार?

उल्हासनगरात घराचा पत्ता आजही बराकीच्या क्रमांकाने सांगितला जातो. बराक म्हणजे तात्पुरता निवारा. परंतु या शहराच्या इतिहासात जे जे तात्पुरते म्हणून आले ते ते कायम होऊन बसले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी तात्पुरती होती. तिच्या पाच कॅम्पांचे शहर झाले. बराकींच्या जागी चढविलेले मजले बेकायदा होते; त्यांच्यासाठी राज्य सरकारने स्वतंत्र कायदा केला. म्हारळची कचराभूमी भरली, तेव्हा पर्याय म्हणून कचऱ्याच्या गाड्या कॅम्प ५ च्या खडी मशीन परिसराकडे वळल्या. रहिवाशांचा विरोध होत राहिला आणि तो पर्यायही वर्षानुवर्षे चालू राहिला. या साऱ्या कायमपणात एकच गोष्ट तात्पुरती राहिली आहे. मोकळ्या सार्वजनिक जागेवर तरुणांनी स्वतःच्या हातांनी लावलेले आणि स्वतःच्या घामाने जगविलेले झाड, एवढेच काय ते या शहरात तात्पुरते आहे.

हा विरोधाभास हवामानाचा नाही, मातीचा नाही आणि लोकांच्या उदासीनतेचा तर मुळीच नाही. तो मालकीच्या व्यवस्थेचा आहे. म्हणूनच त्याची चर्चा वृक्षप्रेमाच्या गोड भाषेत न करता अर्थकारणाच्या आणि राजकारणाच्या भाषेत केली पाहिजे.

कॅम्प ५ सारख्या वस्तीत तरुणांचे एखादे मंडळ एखादी ओसाड जागा निवडते, तेव्हा प्रत्यक्षात काय घडते हे प्रथम नीट पाहावे. आधी कित्येक रविवार डेब्रिज, काच आणि प्लास्टिक उचलण्यात जातात. मग मुरमाड जमिनीत पहारीने खड्डे घ्यावे लागतात, बाहेरून माती आणावी लागते, शेणखत मिळवावे लागते. रोप लावण्याला पाच मिनिटे लागतात. ते जगविण्याला निदान तीन उन्हाळे. आळे करणे, काठीचा आधार देणे, गुरांपासून वाचविण्यासाठी काटेरी कुंपण घालणे, पालापाचोळ्याचे आच्छादन पसरणे आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत कॅन आणि पिंपे वाहून पाणी घालणे, हे सारे नोकरी, कारखाना किंवा कॉलेज सांभाळून केले जाते. करंज, कडुनिंब, जांभूळ, उंबर, बहावा अशी झाडे चौथ्या वर्षी माणसाच्या डोक्यावर जातात, तेव्हा तेथे पाटी लागते. पाटीवर नाव असते पुढाऱ्याचे. तरुणांच्या हातात मात्र त्या जागेविषयीचा एकही कागद नसतो. उद्या तेथे समाजमंदिर, वाहनतळ किंवा व्यापारी गाळे काढण्याचे ठरले, तर ज्यांनी ते उपवन उभे केले त्यांना साधी नोटीसही देण्याचे कारण पालिकेला पडत नाही. कायद्याच्या नजरेत ते तेथे कोणीच नसतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शेतीच्या बाबतीत तो पाऊणशे वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याचे उत्तर 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाने दिले गेले. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हे त्या उत्तराचे टप्पे होते. अंमलबजावणीत कितीही पळवाटा राहिल्या असल्या, तरी श्रमातून हक्क निर्माण होतो हे तत्त्व राज्याने मान्य केले. शहरातील सार्वजनिक जमिनीला हेच तत्त्व लावायचे, तर अर्थ थोडा बदलावा लागेल. बाग फुलविणाऱ्या तरुणांना जमिनीची मालकी नको आहे. ती कोणालाच मिळता कामा नये. परंतु तिच्या भवितव्याविषयी बोलण्याचा, तिचा वापर ठरविण्याचा आणि तिच्यावर घाला आल्यास तो रोखण्याचा कायदेशीर हक्क त्यांना आणि त्यांच्या वस्तीला मिळालाच पाहिजे. आज असा हक्क नाही, आणि तो नसण्यात अनेकांचे हित गुंतलेले आहे.

या भागात जमीन म्हणजे काय हे समजून घेतल्यावाचून हा मुद्दा उलगडत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीत आणून ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. जमीन सरकारची, डोक्यावर छप्पर लष्कराचे आणि हातात काहीच नाही, अशा स्थितीतून या लोकांनी बाजारपेठा आणि कारखाने उभे केले. त्यांच्यामागून महाराष्ट्राच्या दुष्काळी जिल्ह्यांतून आणि उत्तर भारतातून कामगार आले, आणि टेकड्यांच्या उतारांवर झोपड्या चढल्या. शहराच्या वेशीवर नेवाळी आहे. तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी त्याच महायुद्धात धावपट्टीसाठी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून चाललेल्या आंदोलनाचा २२ जून २०१७ रोजी भडका उडाला. ज्या पट्ट्यात प्रत्येक एकरामागे विस्थापितांच्या दोन पिढ्यांचा इतिहास उभा आहे, तेथे मोकळी जागा ही कोणाच्या तरी डोळ्यावर आलेली जागा असते.

आता आकडे पाहावेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि शहराचे क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर आहे. केंद्र सरकारच्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दरमाणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. किमान १० चौरस मीटर धरले, तरी उल्हासनगराला ५० लाख चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे ५ चौरस किलोमीटर मोकळी जमीन लागेल. शहराच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग बागा आणि मैदाने यांसाठी मोकळा करणे आता कोणालाही शक्य नाही. या गणिताचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जी मोकळी जागा उरली आहे तिला पर्याय नाही. जमीन गेली की ती पुन्हा निर्माण करता येत नाही. तिची किंमत रेडी रेकनरमध्ये बसत नाही.

मग या उरलेल्या जमिनीविषयी सत्ताधाऱ्यांचे धोरण काय? त्याचे उत्तर २००६ साली मिळाले. उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा राज्य सरकारने केवळ उल्हासनगर शहरापुरता वेगळा कायदा करून अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याची वाट खुली केली. त्या इमारतींत राहणारी सामान्य कुटुंबे रस्त्यावर येऊ नयेत हा हेतू योग्यच होता, आणि समाजवाद्यांनी त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु संरक्षण मिळाले ते कुटुंबांना की बांधकाम व्यावसायिकांना? घेणारा दंड भरीत राहिला, बांधणारा नफा घेऊन निघून गेला. २०२१ च्या मे महिन्यात एकामागून एक दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे बळी गेले, तेव्हा कागदावरील नियमितपणा आणि प्रत्यक्षातील सुरक्षितता यांतील अंतर उघड झाले.

या कायद्याची आठवण येथे वेगळ्या कारणासाठी करावी लागते. ज्या विधिमंडळाला बेकायदा सिमेंट कायदेशीर करण्यासाठी वेळ मिळाला, त्या विधिमंडळाला सार्वजनिक जमिनीवर लोकांनी उभ्या केलेल्या सावलीला कायद्याचे छत्र देण्यासाठी वेळ मिळालेला नाही. उल्हासनगरात सनद या शब्दाला फार मोल आहे. पुनर्वसनाच्या जमिनीवर राहणारा माणूस सनदेसाठी आयुष्यभर प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढतो, कारण सनद हाती आली की वहिवाट हक्कात बदलते. इमारतीला सनद मिळते, दुकानाला मिळते. सावलीला सनद कोण देणार?

कागद नसलेल्या झाडांचे काय होते, याचे उदाहरण कॅम्प ५ पासून हाकेच्या अंतरावर आहे. अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळच्या डोंगरावर ५ जुलै २०१७ रोजी एका दिवसात एक लाख रोपे लावण्यात आली. पुढाकार कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांचा होता. हात मात्र हजारो विद्यार्थ्यांचे आणि स्वयंसेवकांचे होते. त्या वर्षअखेरीस डोंगराला आग लागली आणि हजारो रोपे होरपळली. पुढच्या वर्षअखेरीस पुन्हा वणवा पेटला. आगी मुद्दाम लावल्या गेल्याचा संशय त्या वेळी उघडपणे व्यक्त झाला. सत्ताधारी पक्षाचा खासदार पाठीशी, वनखात्याची जमीन, सारी यंत्रणा हाताशी; तरीही जर रोपे वाचू शकली नाहीत, तर कॅम्प ५ मधील एखाद्या बेनाव मंडळाच्या पन्नास झाडांना कोण वाचविणार? मांगरूळचा धडा असा की, लावणाऱ्यांची संख्या कितीही मोठी असली, तरी त्या जागेची रोजची राखण करणारा आणि त्याबद्दल जाब विचारण्याचा हक्क असणारा समूह नसेल, तर सोहळ्याचे झाड दुसरा उन्हाळा पाहत नाही.

सोहळ्यांचे आकडे महाराष्ट्राने भरपूर पाहिले. २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली. किती लावली हे संकेतस्थळांवर झळकले. किती जगली यावरून वाद झाले आणि २०२१ साली विधिमंडळाच्या समितीमार्फत चौकशी जाहीर करावी लागली. याच सरकारच्या काळात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, न्यायालयाचा निकाल लागताच रात्रीच्या अंधारात आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे पाडली गेली आणि ती वाचवायला धावलेल्या तरुणांना अटक झाली. झाड लावणारा तरुण सरकारला प्रिय असतो. झाड वाचविणारा तरुण सरकारला गुन्हेगार वाटतो. या एका वाक्यात या राज्याचे हरितधोरण सामावलेले आहे.

आता 'लोकसहभाग' या गोंडस शब्दाकडे वळले पाहिजे. पालिकांचे अधिकारी आणि त्यांचे समर्थक म्हणतात की, लोक स्वेच्छेने बागा राखत असतील तर पालिकेने खर्च कशाला करावा? या विधानाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, वीस तरुण दर रविवारी तीन तास काम करतात. म्हणजे आठवड्याला ६० तास, अर्थात साडेसात मनुष्यदिवस; वर्षाला ३९० मनुष्यदिवस. ग्रामीण रोजगार हमीचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा दर, दिवसाला ३१२ रुपये, लावला तर एका वर्षाच्या श्रमाची किंमत १,२१,६८० रुपये आणि तीन वर्षांची ३,६५,०४० रुपये होते. अवजारे, खत, पाणी आणि प्रवास वेगळा. ही रक्कम अतिशय कमी दराने काढलेली आहे. तरीही पालिकेच्या कोणत्याही अंदाजपत्रकात ती जमेच्या बाजूला दिसत नाही. जमिनीचे मोल वाढते, आसपासच्या घरांच्या किमती वाढतात, पालिकेचे सांगण्याजोगे काम वाढते; परंतु ज्या श्रमातून हे मोल निर्माण झाले त्याची नोंद कोठेही होत नाही. फुकट श्रमाने निर्माण झालेली संपत्ती दुसऱ्याच्या खात्यावर जाणे याला अर्थशास्त्रात एक जुने, स्पष्ट नाव आहे. ते शोषण आहे. श्रम हसतमुखाने दिले म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही.

हे म्हणताना श्रमदानाची किंमत कमी करण्याचा हेतू नाही. साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेल्या राष्ट्र सेवा दलाने आणि बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना हातात कुदळ घ्यायला शिकविले. परंतु त्या परंपरेत श्रमदान हे समाज बदलण्याचे साधन होते. शासनाचे कर्तव्य आपल्या खांद्यावर घेऊन त्याला मोकळे सोडण्याचे नव्हते. कर्तव्य तर कायद्यातच लिहिलेले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण, पर्यावरणाचे रक्षण आणि उद्याने व क्रीडांगणे ही नागरी संस्थांची कामे म्हणून नोंदली आहेत. १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण दिले, झाडांची गणना सांगितली आणि त्यासाठी वृक्ष उपकर वसूल करण्याचा अधिकारही दिला. अधिकार आहे, उपकराची तरतूद आहे, प्राधिकरण आहे. आणि पाणी घालायला मात्र कॉलेजची मुले आहेत.

लोकसहभागाचा दुसरा अवतार अधिक धोकादायक आहे. बाग पालिकेला जमत नाही आणि मुलांना परवडत नाही, तर ती एखाद्या संस्थेला किंवा कंपनीला 'दत्तक' द्या, असे सुचविले जाते. मुंबईने या दत्तकविधानाचा अनुभव घेतला आहे. सार्वजनिक भूखंड देखभालीसाठी म्हणून दिले गेले आणि त्यांतील काहींवर सभासदत्व घेतल्यावाचून पाऊल टाकता येणार नाही असे क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई पालिकेने असेच धोरण पुन्हा संमत केले, तेव्हा नागरिकांच्या संतापामुळे राज्य सरकारला त्यास स्थगिती द्यावी लागली. दत्तक घेणारा आईबापांपेक्षा श्रीमंत असला की मूल घरी परत येत नाही, हा या धोरणाचा इत्यर्थ. कॅम्प ५ च्या तरुणांनी लावलेल्या झाडाखाली उद्या तिकीट फाडून बसावे लागले, तर ती प्रगती म्हणता येणार नाही.

परंतु सर्वांत गंभीर आक्षेप प्रतिस्पर्ध्यांचा नाही. तो स्वकीयांचा आहे. समाजवादी चळवळीतील अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांना झाडे, बागा, उपवने हा सुखवस्तूंचा छंद वाटतो. ज्यांच्या डोक्यावर पक्के छप्पर नाही त्यांना बहाव्याची फुले काय कामाची, असा त्यांचा सवाल असतो. आधी घर, मग झाड. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण पर्यावरणाच्या नावाखाली गरिबांच्या वस्त्या उठविल्याची उदाहरणे या देशात आहेत आणि पुढेही होतील. ज्या उपवनासाठी एकाही झोपडीवर बुलडोझर फिरवावा लागतो, त्या उपवनाला पाठिंबा देता येणार नाही, हे येथेच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

तरीही या आक्षेपाच्या मुळाशी एक चुकीचे गृहीत आहे. ते असे की, मोकळी जागा झाडाला मिळाली नाही तर ती गरिबाच्या घराला मिळेल. उल्हासनगराचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. मोकळी जागा गेली ती गाळ्यांना, मजल्यांना आणि वाहनतळांना. घर विरुद्ध झाड असा झगडा लावून देणारा तिसराच असतो, आणि जमीन शेवटी त्याच्याच हाती जाते. शिवाय सावली ही चैन आहे असे वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याने म्हणावे. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्याची दुपार काढणाऱ्याने म्हणू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसविलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. मंचावर छत होते, मैदानावर नव्हते. उन्हाची वर्गवारी त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिली. फेरीवाला, रिक्षावाला, घरकाम करून परतणारी बाई, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यातून जेवणाच्या सुटीत बाहेर पडलेला कारागीर यांच्यासाठी झाड हा दवाखान्याइतकाच सार्वजनिक सेवेचा भाग आहे. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावून अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराला वळसा घालीत येणारी वालधुनी ज्या शहरात रासायनिक सांडपाण्याचा नाला झाली, त्या शहरातील श्रमिकाला स्वच्छ श्वासाचा हक्क मागणे हे छंदिष्टपणाचे लक्षण म्हणणे, म्हणजे गरिबाने गरिबीपुरतेच मागावे असे म्हणणे होय.

मग मार्ग कोणता? सार्वजनिक मालमत्ता एक तर सरकारने सांभाळावी नाही तर खाजगी मालकाच्या स्वाधीन करावी, दोहोंच्या मध्ये काही नाही, असे अर्थशास्त्राचे विद्यार्थी दीर्घकाळ शिकत आले. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे असे मांडले आणि ते मत जगभर पाठ केले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जंगले, मासेमारी आणि पाटबंधारे यांचा प्रत्यक्ष अभ्यास करून १९९० च्या ग्रंथात दाखविले की, वापरणाऱ्या समूहाला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार असेल आणि बाहेरची सत्ता तो अधिकार मान्य करीत असेल, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल विकण्याचा हक्क नव्हे. राखण्याचा, वापरण्याचा आणि त्याविषयी निर्णय घेण्याचा हक्क. गावाने बांबूवरील आपला हक्कही झगडून मिळविला. जो न्याय गडचिरोलीच्या ग्रामसभेला मिळू शकतो, तो कॅम्प ५ च्या मोहल्ल्याला का मिळू नये? शहरात ग्रामसभा नसते, असे उत्तर येईल. परंतु महानगरपालिका कायद्यात २००९ सालीच क्षेत्रसभांची तरतूद झाली आहे. ती कागदावरच पडून राहिली, कारण ती जिवंत होणे नगरसेवकालाही नको होते आणि आयुक्तालाही. उल्हासनगरच्या पालिकेची मुदत २०२२ साली संपल्यावर पुढची काही वर्षे निवडणूकच झाली नाही. शहराचा कारभार प्रशासकाने चालविला. त्या काळात बागेविषयी दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न मतदारालाही पडला होता.

न्यायालयाचा आधारही आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेला भूखंड खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मुद्दप्पा प्रकरणात बेकायदा ठरविला. सार्वजनिक उद्यान ही लोकांची गरज आहे आणि त्यासाठी आसपासच्या रहिवाशांना दाद मागता येते, हे तेथे मान्य झाले. पण हा आधार मिळाला तो जागेवर उद्यानाचे आरक्षण होते म्हणून. ज्या जागेवर आरक्षणच नाही, तेथे पन्नास झाडे आणि पाचशे माणसे असली तरी न्यायालयासमोर ठेवायला कागद नसतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली मागणी आरक्षणाची. तरुणांनी तीन वर्षे राखलेली प्रत्येक सार्वजनिक जागा १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात उद्यान म्हणून नोंदवावी. हीच त्या सावलीची सनद. दुसरी मागणी अधिकाराची. क्षेत्रसभा प्रत्यक्षात आणून तिने निवडलेल्या समितीकडे बागेची व्यवस्था द्यावी. त्या समितीत बाग राखणाऱ्या तरुणांना आणि शेजारच्या वस्तीतील स्त्रियांना हक्काची जागा असावी. समितीच्या लेखी संमतीवाचून तेथील एकही फांदी तोडली जाऊ नये आणि कोणाही कंपनीला ती जागा दत्तक दिली जाऊ नये. तिसरी मागणी पाण्याची आणि वेतनाची. पालिकेने नळजोडणी द्यावी आणि पगारी माळी द्यावा. तरुणांचा रविवार हा त्यात भर घालण्यासाठी असावा, पालिकेची पोकळी भरण्यासाठी नव्हे.

या तिसऱ्या मागणीला जोडून एक मोठी मागणी उभी राहते. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेली रोजगार हमी महाराष्ट्राने १९७७ साली कायद्यात उतरविली, आणि साऱ्या देशाने पुढे ती उचलली. तिच्यासाठी पैसा उभा करण्यास १९७५ साली व्यवसाय कर आला. तो शहरांतील नोकरदार भरतात. तरीही शहरातील बेकार तरुणाला महाराष्ट्रात रोजगाराची हमी नाही. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली नागरी रोजगार योजना सुरू केल्या. जननी असलेला महाराष्ट्र मागे राहिला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बंद कारखान्यांची आणि रिकाम्या हातांची वाण नाही. रोपवाटिका, नाल्यांचे काठ, टेकड्यांचे उतार यांची राखण हे कायम स्वरूपाचे, कायदेशीर वेतनाचे काम झाले, तर झाडही जगेल आणि लावणाराही.

शेवटी दोन शब्द त्या तरुणांविषयी. त्यांच्यातील बहुतेकजण अभिमानाने सांगतात की, ते राजकारणात नाहीत. पुढाऱ्यांच्या पाट्या पाहून त्यांना राजकारणाची शिसारी आली असेल, तर दोष त्यांचा नाही. लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच शहरात २०१९ पासून 'ग्रीन लातूर वृक्ष टीम' रोज झाडांसाठी राबते. हे सातत्य कोणत्याही पक्षाला खाली मान घालायला लावील असे आहे. परंतु राजकारण टाळल्याने राजकारण टळत नाही. बाग कोठे व्हावी आणि कचरा कोठे पडावा, हे ठरविणे हेच शहराचे राजकारण आहे. कचरा कॅम्प ५ च्या वाट्याला आला तो निसर्गनियमाने नव्हे, निर्णयाने आला. सावलीही निर्णयानेच येईल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या तरुणांकडे सभासद-नोंदणीचे पुस्तक घेऊन जाऊ नये. प्रथम पाण्याचा कॅन उचलावा. मग त्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर शोधावा, विकास आराखड्याची प्रत मिळवावी, झाडांची मोजदाद करून वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी नोंद करावी, वस्तीतील सह्या घ्याव्यात आणि आरक्षणाचा अर्ज पालिकेच्या आवक खिडकीवर देऊन त्याची पोच घ्यावी. अर्ज दडपला गेला तर मोर्चा आहेच. निर्वासितांनी वसविलेल्या या शहराला एक गोष्ट सांगावी लागत नाही: पायाखालच्या जमिनीचा कागद हातात नसला की घर कितीही नेटके असले तरी झोप लागत नाही. झाडांना झोप नसते. त्यांच्या वतीने जागे राहण्याचे काम माणसांचे आहे.